अंबामायच्या माळेची फटफटी

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि कंबरेतून बसले. वैद्य झाला, डॉक्टर झाला, शेक झाले, लेप झाले, दुखणं जिथल्या तिथं. दोघांनी धरलं तर ओसरीपर्यंत यायचे, त्यापुढं पाऊल नाही. बाबा कुरकुर करणारा माणूस नव्हे. पण नवरात्र जवळ यायला लागलं तसे ते खाटेवर पडल्या पडल्या रस्त्याकडे पाहत राहायचे आणि ताटातली भाकर तशीच उरायची.

आम्ही माळी. अमरावतीपासून पाच कोसांवर आमचा मळा. घटस्थापनेला तिथल्या अंबामायला पिवळ्या झेंडूची माळ आमच्या घरून जायची, ती आजोबाच्याही आधीपासून. तिची एक रीत होती. घरातल्या सगळ्यात वडील माणसानं त्याच पहाटे आंघोळ करून फुलं तोडायची आणि ज्या हातांनी तोडली त्याच हातांनी देवळात न्यायची. मध्ये दुसऱ्याचा हात लागायला नको. बाबा टोपली डोक्यावर घेऊन अनवाणी निघायचे आणि दुपारच्या आरतीच्या आत पोचायचे. मी म्हटलं, यंदा मी जातो. बाबा म्हणाले, "मी जिता असताना तू गेला तं माय विचारन, तुहा बाप कुठं हाय म्हणून. यंदा माळ नाई." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, गादी टाकून त्यांना नेऊन पाहिलं, तर वेशीपर्यंत जाता जाता माणूस घामानं निथळला. आमच्या काळ्या मातीतल्या चाकोऱ्या कशा असतात, ते ज्याची कंबर दुखते त्यालाच ठाऊक.

खरं सांगतो, मी तेव्हा देवीवर रुसलो होतो. उभा जन्म ज्यानं पायी माळ नेली, त्याचेच पाय काढून घ्यायचे, हा कुठला न्याय झाला? घरी माझ्या मायनं देवीपुढं दिवा लावला की मी मुद्दाम उठून गोठ्यात जायचो.

अशात बहिणीला भेटायला अकोल्याला गेलो. जुन्या शहरात तिच्या मालकांचं, आमच्या जवाईबापूंचं, फळांचं दुकान होतं. मागच्या अंगणात, फुटक्या खोक्यांच्या ढिगाखाली, एक फटफटी पडलेली दिसली, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली. वऱ्हाडात तेव्हा कापसाच्या निमित्तानं गोरे साहेब येत-जात. त्यातलाच एक विलायतेला परत जाताना ती टाकून गेला होता. चाकांचं रबर उडालेलं, टाकीला गंज, आणि डब्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी त्या डब्यावर हात ठेवून दाबून पाहिलं. खालच्या कमानींनी तो अलगद खाली गेला आणि अलगद वर आला. माझ्या मनात बाबाच आले. जवाईबापू म्हणाले, वांग्यांच्या एका गाडीच्या मोलात घेऊन जा, पण कोंबडीला विचारून. ते हसले, बहीण हसली, मी मात्र दुसऱ्याच दिवशी भाजीच्या रिकाम्या गाडीत फटफटी चढवून गावाकडे निघालो.

गावानं तिचं नाव म्हैस ठेवलं. येणारा-जाणारा विचारायचा, म्हैस दूध देते काय? मीही तोंडाचा फाटका, ज्याला त्याला उत्तर द्यायचो. पण हात चालू होते. चिंच आणि राख घेऊन गंज घासला, घासलेटात एकेक तुकडा भिजवला, पेट्रोल जायची बारीक नळी बाभळीच्या काट्यानं मोकळी केली. अमरावतीच्या एका मोटार मिस्त्रीला दोनदा गावी आणलं. ठिणगी पाडणारा भाग, त्याला ते मॅग्नेटो म्हणतात, तो त्यानं उघडून पुसून दिला, जुने टायरही त्यानंच मिळवून दिले आणि चालवायची कशी तेही शिकवलं. माझी मंडळी म्हणायची, "अवो, मळ्यात तण माजलं, तुमी याच्यातच गुतून राह्यले." तिचं बरोबर होतं. पण ज्या दिवशी ती फटफटी पहिल्यांदा धडधडली, त्या दिवशी गोठ्यातले बैल दावं तोडून पळाले, मायनं पळत येऊन तिला हळदकुंकू लावलं, आणि खाटेवरून बाबांनी विचारलं, "काय झालं रे?" किती दिवसांनी त्यांनी आपण होऊन काही विचारलं होतं. मला रडूच फुटलं.

घटस्थापनेच्या पहाटे बाबांना खाटेसकट मळ्यात नेलं. त्यांनी पडूनच हात लांबवून फुलं तोडली, आम्ही झाडं वाकवून धरली, फुलाला हात लावला नाही. त्यांनीच माळ ओवली. त्यांना डब्यात बसवलं, मांडीवर टोपली, टोपलीवर दोन ओली गोणपाटं, आणि दिवस बराच वर आल्यावर आम्ही निघालो. थोडं गेल्यावर वळून विचारलं, दुखते काय? बाबा म्हणाले, झुल्यात बसल्यावानी वाटून राह्यलं. मी ढगात.

अर्ध्याहून जास्त वाट झाली आणि ऊन तापलं. आश्विनातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे आग. एका निंबाच्या सावलीत थांबलो. बाबांनी फटफटीच्या अंगाला बोट लावून पाहिलं आणि चटकन मागे घेतलं. म्हणाले, हिले ताप आला, हिच्यावर ओलं टाक. आता माळ्याला दुसरं काय सुचणार? फूल असो, पालेभाजी असो, विड्याच्या पानांची करंडी असो, सुकायला लागलं की ओलं गोणपाट टाकायचं, हे आम्ही जन्मल्यापासून करतो. मला ते इतकं पटलं की मी वरचं एक गोणपाट काढलं, बाजूच्या ओढ्यात बुचकळलं आणि तसंच निथळतं तिच्यावर पांघरलं. बाबांना पाणी पाजलं, पाय दाबले. मग किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. मारून मारून पोटरीला गोळे आले, फटफटी मुकी. गोणपाट परत पांघरलं, म्हटलं अजून निवली नसेल. सूर्य डोक्याकडे सरकत होता. आरती गाठायची तर आता निघायलाच हवं होतं. बाबा चालू शकत नाहीत, माझ्या हाती माळ देत नाहीत, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी देवीला नाही नाही ते बोललो, मोठ्यानं बोललो. बाबांनी ऐकलं आणि टोपलीवरचं गोणपाट सारखं केलं.

तेवढ्यात एक बाई आली. काळीसावळी, उतारवयाची, डोक्यावर सांबाराची पाटी. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. पाटी उतरवत ती सरळ मला म्हणाली, "दादा, माहा सांबार सुकून राह्यला. ते ओलं गोणपाट मले दे. अन् हे तुहं लोखंड सावलीतून काढ, मले पाटी ठेवू दे." मला असा राग आला! आमच्या जिवावर बेतलं आणि हिला सांबाराची पडली. मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "दे तिले. भाजी हाय ते, जीव हाय तिच्यात." मी गोणपाट काढून तिच्या पाटीवर टाकलं आणि बाबांना टोपलीसकट निंबाच्या बुंध्याशी बसवून फटफटी ढकलत नेऊन उन्हात उभी केली. बाई पाटीशी बसली, पाणी प्याली. माळ पाहून तिनं बसल्या जागेवरून हात जोडले. बाबांनी विचारलं, कोण्या गावची? तिनं हात लांबवून कुठंतरी दाखवलं. जरा वेळानं मी पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि ती आली तशी निघून गेली.

मग मी बाबांजवळ बसलो. राग संपला होता, अंगात त्राणही नव्हतं. बाबा म्हणाले, "तू तुहं केलं. आता बस. मायले पायजे असन तं ती नेईन, नाई तं इथूनच पाहीन." त्यांच्या आवाजात जराही दुःख नव्हतं. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच मी काही न करता बसलो. निंबाचा वारा बरा लागत होता. बाबा डोळे मिटून माळेवर हात ठेवून होते. किती वेळ गेला कोण जाणे, त्यांनीच डोळे उघडून म्हटलं, पाह्य एकदा. मी उठलो, अगदी सहज पाय मारला, आणि फटफटी धडधडायला लागली.

पुढं मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. मॅग्नेटोत पाणी गेलं तर ठिणगी पडतच नाही, म्हणाला, आणि सावलीत ओलं पांघरून ठेवली असती तर संध्याकाळपर्यंत हलली नसती. उन्हानं ती सुकली. एवढीच गोष्ट. तो सांगतो ते खरंच आहे. तिला उन्हात लोटायला मला कोणीतरी लावलं, तेही खरं आहे. दोन्ही मी मानतो आणि कोणाशी वाद घालत नाही.

देवळाशी गर्दी मावत नव्हती. पण डब्यात बसलेला म्हातारा आणि त्याच्या मांडीवरची माळ पाहून लोक आपोआप बाजूला झाले. दोन अनोळखी गड्यांनी हातांची पालखी करून बाबांना गाभाऱ्यापर्यंत नेलं. आरतीची घंटा सुरू होत होती. बाबांनी आपल्या हातानं माळ पुजाऱ्याच्या हाती दिली, आणि ती देवीच्या अंगावर चढेपर्यंत त्यांचे हात तसेच पुढं धरलेले होते. मी मागं उभा राहून लहान पोरासारखा रडत होतो.

बाहेर येऊन बाबांना डब्यात बसवलं, प्रसादाचा शिरा दिला. त्यांनी तो सगळा खाल्ला आणि बोटं चाटून पुन्हा मागितला. मग एकदम माझ्याकडे पाहून विचारलं, "तू काय मागतलं?"

बाबांची कंबर बरी कर, हे मागायचं असं घरून ठरवून निघालो होतो. आणि गाभाऱ्यासमोर उभं राहून मला त्याची आठवणच झाली नव्हती. मी तसं सांगितलं. बाबा हसले. म्हणाले, "मीही इसरलो."

बाबा पुन्हा चालले नाहीत. पण त्यांच्या ताटात भाकर उरली नाही, आणि असेपर्यंत दर वर्षी ते डब्यात बसून माळ घेऊन गेले. आता मी नेतो. गाभाऱ्याशी उभा राहिलो की हात जोडतो, माय, तू पाहून घे म्हणतो, आणि मागं सरून दुसऱ्याला जागा देतो.