वीस घरांचा भात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे हुलगे उफणणं. आमचं घर आणे गावच्या पठारावर, तिथं वाऱ्याला तोटा नाही. मी तिव्यावर, म्हणजे उफणायच्या तीन पायांच्या उंच घडवंचीवर उभा, आणि माझी बायको सगुणा खालून पाटी भरून वर द्यायची. मध्येच ती थांबली आणि लुगडं सावरायला लागली.

"अवो, निऱ्याच पुरंना झाल्यात. लुगडं आटलं का काय?"

मी वरून म्हणालो, "लुगडं न्हाई आटलं, तू सुटलीस."

ती हसली, मीही हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

म्हणून आधीच सांगतो. घरातल्या बाईचं पोट वाढत असेल आणि दंड मात्र वाळत असतील, तर ती सुटलेली नसते. गॅस झाला म्हणून ओवा देत बसू नका. मी दीड महिना ओवा दिला.

मग एसटीने आळेफाट्याला, तिथून गाडी बदलून मंचरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सगुणाला आडवं निजवून पोटावर बोटं वाजवली. कलिंगड वाजवून बघतात तशी.

"बाबा, पोटात पाणी झालंय. याला असायटिस म्हणतात. पाणी काढू, पण ते का झालं हे शोधायला हवं. सोनोग्राफीत ओव्हरीवर गाठ दिसतेय."

ओव्हरी म्हणजे बाईच्या पोटातली बीजाची पिशवी. सोनोग्राफी म्हणजे पोटावर थंड मलम लावून टीव्हीवर आतलं बघायचं. मला त्या टीव्हीत नुसते ढग दिसले. नाही कळलं तर पुन्हा विचारा. मी तीनदा विचारलं, डॉक्टरांनी तीनदा सांगितलं.

सुईने पाणी काढलं. थोडं बाटलीत घालून पुण्याला तपासायला पाठवलं. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागणार होते. तोवर पाणी पुन्हा भरेल, श्वास कोंडेल, म्हणून रोज दाखवायला यायचं. दवाखान्यात खाट रिकामी नव्हती, आणि रोज आण्याहून येणं तिला झेपणारं नव्हतं.

खिशात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची चिठ्ठी होती. 'ही आपल्या मंडळीतली माणसं आहेत, आजारपणासाठी आली आहेत, जवळ करावं.' एवढंच. कुणाच्या नावावर नव्हती. निघताना मी म्हणालो होतो, असल्या कागदाने का दार उघडतं? सगुणानेच ती घडी करून माझ्या खिशात कोंबली.

स्टँडमागे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, भिंतीवर क्रूस टांगलेला. दुकानदार दानियलभाऊ हात पुसून चिठ्ठी वाचायला लागला. त्याची बायको मार्थाबाई आतून आली, तिने सगुणाच्या हातातलं गाठोडं आधी काढून घेतलं.

"तुमी वाचत बसा. तिला उभं ऱ्हाववत न्हाई, दिसत न्हाई का?"

दुकानामागे एकच खोली, एकच खाट. खाट सगुणाला दिली. दानियलभाऊ त्या दिवसापासून दुकानात टायरांच्या मधे झोपायला लागला. आमची त्यांची सात पिढ्यांत ओळख नव्हती.

सकाळी दवाखान्यात नंबर लावायचा, बाकावर बसायचं, डॉक्टर पोट वाजवणार, वजन बघणार, उद्या या म्हणणार. लागलंच तर पुन्हा सुई. दुपारी परत आलं की मार्थाबाई ताटं वाढून ठेवायची. जेवणाआधी दानियलभाऊ प्रार्थना करायचा, त्यात सगुणाचं नाव घ्यायचा. मी डोळे उघडे ठेवून भाताकडे बघायचो. त्या भातात काहीतरी चुकत होतं. काही शितं अगदी मऊ, काही दाताखाली कचकन लागायची. एक दाणा लांब, एक आखूड, एक लाल.

माझं तोंड फटकळ. चौथ्या दिवशी बोललोच. "ताई, राग मानू नका, पण तुमचा भात अर्धा कच्चा ऱ्हातो."

दानियलभाऊला हसून ठसका लागला. मार्थाबाईने चुलीजवळचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"ह्यो शिजवून दावा एकसारखा. वीस घरचा तांदूळ हाय, भाऊ. कुणाचा आंबेमोहर, कुणाचा रेशनचा. मंडळी म्हणली, पावणं हायेत तवर मुठीचा डबा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

मुठीचा डबा आमच्या घरीही होता. स्वयंपाकाला धान्य घेतलं की त्यातली एक मूठ डब्यात टाकायची, महिन्याने चर्चमध्ये द्यायची. ते अडलेल्याला जातं. सगुणाने लग्नापासून एक दिवस चुकवला नव्हता. मी चेष्टा करायचो, पाळकाच्या कोंबड्या पोसतेस म्हणून. आणि आता तो डबा माझ्या पुढ्यात होता.

डोक्यात सणक गेली. मी ताट सारलं, उठलो, गाठोडं बांधायला लागलो. आम्ही दान खाणारी माणसं नव्हतो. रिपोर्ट यायचा होता, पाणी पुन्हा चढत होतं. घरी नेलं असतं तर ती वाटेतच गुदमरली असती. ते कळत होतं, तरी हात थांबत नव्हते.

"पावण्यांची चेन लई सुकलीया," दानियलभाऊ बायकोला म्हणाला. "तेल सोडावं लागतंय."

सगुणा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. तिला बोलायलाही दम लागायचा.

"बसा खाली. मला पयल्याच घासाला कळलं व्हतं, मुठीचा भात हाय ते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी जेवत व्हता म्हणून." ती थांबली, श्वास घेतला. "तीस वरसं मी मूठ टाकली. ती कोण खात व्हतं, असं वाटलं तुमाला? आपल्यासारखीच खात व्हती. त्यांनीबी उठून जायाला पायजे व्हतं का?"

मी गाठोडं सोडलं, खाली बसलो. मार्थाबाईने ताट पुन्हा माझ्याकडे सारलं. "खावा. न्हाईतर उंदरं खातील." मी खाल्लं. कच्च्या शितांसकट खाल्लं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रार्थनेला डोळे मिटले. जेवण झाल्यावर मिटले, उलट्या क्रमाने.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. पाण्यात मॅलिग्नंट पेशी होत्या, म्हणजे कॅन्सरच्या. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं.

"बाबा, आजार पोटभर पसरलाय. पुण्याला नेता येईल, पण या तब्येतीला ती औषधं सोसणार नाहीत. मी माझ्या आईला घरी नेलं असतं."

अशा शब्दांत सांगणारा डॉक्टर मिळाला, त्याचे उपकार आहेत. आम्ही घरी आलो. सगुणा पुढे महिनाभर होती. मार्थाबाई दोनदा येऊन गेली, दोन गाड्या बदलून. दुसऱ्या वेळी तिने सगुणाची वेणी घातली. सगुणा त्यानंतर पाचव्या दिवशी गेली. मातीला दानियलभाऊ आला होता. त्याने खोरं माझ्या हातातून घेतलं नाही, नुसता बाजूला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय दारात आली. म्हणाली, "भावजी, चूल पेटवू नका. भाकरी आमी आणतो."

मी म्हणालो, "पेटवायचीय."

भूक नव्हती. पण स्वयंपाक केल्याशिवाय मूठ काढायची नाही, असं सगुणाचं होतं. आपण उपाशी राहून दिलेलं तिला चालायचं नाही, आपल्या ताटातलं द्यायचं. मी एकट्यापुरते तांदूळ घेतले, धुतले, मग आठवलं की मूठ धुण्याआधी काढायची असते. ओले दाणे डब्यात गेले तर सगळ्यांचं धान्य नासेल. म्हणून पोत्यात पुन्हा हात घातला आणि कोरडी मूठ घेतली. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी, डब्याच्या तोंडात मावेना. थोडी सैल केली, तेव्हा दाणे आत गेले.

मग भात टाकला. करपला. खाल्ला.