बंडूभाऊचा आवाज लावू नका

आज संध्याकाळी बंडूभाऊचा आवाज स्पीकरवर लागला, तर एक अस्वल मरेल.

नाहीतर आपल्यातलं कोणीतरी.

मंडळाच्या पोरांनी प्रेमानंच ठरवलंय, मला माहितीये. भाऊला जाऊन आज वर्ष झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्याच्या नाटकातले डायलॉग लावायचे, डीजेचे दोन मोठे बॉक्स आणायचे.

भाऊ आपल्या झाडीपट्टीचा व्हिलन. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत तो स्टेजवर आला की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या मांडीवर.

पण पूर्ण गोष्ट कोणाला माहीत नाही. मला माहितीये, कारण मी तिथं होतो.

म्हणजे असायचं काही कारण नव्हतं. बारावी अर्धी सोडून गाडीवर फिरत होतो. दिघोरीवरून निघालो, बपेऱ्याकडून एमपीत घुसायचं होतं. एकोडीजवळ चेन तुटली. चेन पण नवीनच, दुकानदारानं काय माल दिला देव जाणे… असो. भाऊनं जेवायला घातलं अन् मी राहिलोच.

नाटक नसलं की भाऊ जंगलातल्या कॅम्पवर रोजंदारीनं जायचा, मी पण सोबत. तिथं अनाथ पिल्लं वाढवून परत रानात सोडायचे.

अस्वलाची दोन पिल्लं त्यानंच आणली होती. कोणीतरी रानडुकरासाठी शेतात करंटची तार सोडलेली. त्यावर आई गेली.

पिल्लं तिच्या पाठीवरच होती. केस धरून.

अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवर बसूनच फिरतात. म्हणून भाऊ काळी घोंगडी पांघरून, रांगत, दोघांना पाठीवर घेऊन वाळवीची वारुळं दाखवत फिरायचा.

कॅम्पवरच्या डॉक्टर मॅडमचा नियम एकच. पिल्लांसमोर तोंड उघडायचं नाही. माणसाच्या आवाजाची सवय झाली की अस्वल गावात येतं, अन् गावात आलेलं अस्वल वाचत नाही.

व्हिलनला मौन! आम्ही लय हसायचो. भाऊ कुंपणाबाहेर आला की अर्धा तास बोलत राहायचा. कोणी नसलं तर कुत्र्याशी.

मग सोडायचा दिवस आला.

त्या दिवशी पिल्लांना घाबरवायचं असतं. डबे वाजवायचे, ओरडायचं. माणूस म्हणजे धोका, हा शेवटचा धडा. भाऊनं छाती फुगवली अन् खच्चून डायलॉग सोडला,

"या पंचक्रोशीत माझ्या परवानगीवाचून पाखरू दाणा टिपत नाही!"

अन् वरून ते त्याचं हसणं.

नर असा पळाला की मागं वळून पाहिलं नाही.

मादी उलटी धावत आली. भाऊच्या पायाशी बसली. तोंड उघडून.

 भाऊ तिच्याशेजारी खाली बसला.

"काय झालं भाऊ?" मी विचारलं.

"मंडई आली होती ना बे तवा. पाठांतर होऊन नव्हतं राहिलं. दूध पाजता पाजता म्हणत होतो, हळूहळू. नर झोपून जाये. हे आयकत राहे."

"मॅडमनं बोलू नको म्हटलं होतं ना?"

"मले वाटलं, डायलॉग म्हणजे बोलणं थोडीच होय."

मादीला आणखी एक पावसाळा ठेवलं. भाऊ त्या कुंपणाकडे फिरकला नाही. मग तिला लांब, आतल्या रानात सोडलं.

दिवाळी झाली. मंडई आली. संध्याकाळी माइक टेस्टिंग चालू होतं, भाऊनं सवयीनं तोच डायलॉग टाकला.

तलावापलीकडे, धान कापलेल्या बांधीत काहीतरी काळं उभं राहिलं.

मागच्या दोन पायांवर.

लोक काठ्या शोधायला धावले. भाऊनं माइक खाली ठेवला. एक शब्द न बोलता तलावाच्या पाळीवरून गेला. दगड उचलला. मारला.

लागला. ती ओरडली ते आम्हाला इकडे ऐकू आलं.

त्यानं दुसरा मारला. ती गेली.

त्या दिवशी व्हिलन प्रॉम्प्टरनं केला, हातात पुस्तक धरून. पब्लिकनं लय शिव्या घातल्या.

भाऊ परत स्टेजवर चढला नाही. नाटक कंपनीवाले घरी यायचे. "काहून बे बंड्या, भाव वाढला काय तुहा?" तो हसायचा, चहा पाजायचा, वाटेला लावायचा. कारण सांगितलं असतं तर कोणीतरी गंमत म्हणून आवाज लावून तिला बोलावलंच असतं.

मी आज सांगून राहिलोय. बरोबर करतोय का, मला खरंच माहीत नाही.

शेवटी भाऊ भंडाऱ्याला दवाखान्यात होता. मी म्हटलं, "भाऊ, इथं कुठलं अस्वल? एकदा होऊन जाऊ दे."

त्यानं मला जवळ ओढलं अन् कानात म्हटलं. दाणा टिपत नाही, इथपर्यंत. हसणं जमलं नाही.

सध्या रानात मोहाची फुलं पडून राहिलीत. फुलं वेचायला जाणाऱ्या बायांना ती दिसते. डोळ्यावर दगडाची खूण आहे म्हणतात. बाया डबा वाजवतात, ती बाजूला होते. एवढं कसंबसं जमलंय.

काल पोरांनी भाऊच्या अंगणात छोट्या स्पीकरवर क्लिप लावून पाहिली. वयनी, भाऊची बायको, पीठ मळता मळता बाहेर आली. तशाच हातानं वायर ओढली.

"बंद करा. ती येईन."

 पोरांतला एक जण हळूच म्हणाला, "दुःखात हाय बिचारी."

मी बांधीकडे बघितलं. कोणी नव्हतं. वयनी मात्र अंधार पडेपर्यंत तिकडेच बघत उभी होती. पीठ हातावर वाळून गेलं.

म्हणून हात जोडून सांगतो. बॉक्स आणू नका. भाऊला ऐकायचं असेल तर मोबाईल कानाला लावा.

फोटोला फुलं वाहू, अन् दोन मिनिटं सगळे मिळून गप्प उभे राहू. जन्मभर गर्जना करणारा माणूस तिच्यासाठी गप्प बसला. आपल्याला दोन मिनिटं जमतील.

भाऊ, जयभीम.

मनातल्या मनात म्हणतोय.