पेपर न घेणारी गिऱ्हाइकं

पुण्य कमावायची घाई झालेली माणसं मला भिकाऱ्यांपेक्षा लोचट वाटतात. हे मत माझं पहिल्यापासून नव्हतं. ते रोह्याच्या एसटी स्टँडवर झालं.

पेणला माझा लहानसा छापखाना आहे. आमच्या चार-पाच जणांच्या मंडळाने बेघरांनी विकायचा एक चार पानी मासिक पेपर काढला, तो मीच छापायचो. पद्धत सोपी होती. ज्याला घर नाही त्याने आमच्याकडून निम्म्या किमतीत अंक घ्यायचे, पूर्ण किमतीला विकायचे, वरचे पैसे त्याचे. भीक नाही, धंदा. मंडळाच्या अध्यक्षांना हे वाक्य इतकं आवडायचं की गळ्यात हार पडतानाही ते तेच म्हणायचे.

रोह्यात एकच विक्रेती टिकली, पन्नाशीची एक बाई. नवरा कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. तो गेला, पाठोपाठ भाड्याची खोली गेली आणि ती रेल्वे स्टेशनच्या शेडमध्ये झोपू लागली, दिवसा एसटी स्टँडवर अंक विकू लागली. पेपरात तिचा मजकूर असायचा. ती सांगायची, मी लिहून घ्यायचो: कुठला हॉटेलवाला न कुरकुरता तोंड धुवायला पाणी देतो, झोपताना चपला उशाशी का घ्यायच्या. आमच्या अंकात वाचण्याजोगं असं तेवढंच.

तिला पुन्हा खोली हवी होती. बाजारामागच्या आळीत एका म्हातारीची मागची खोली रिकामी होती. म्हातारीने तोंडावर सांगितलं, काम करणारीला देईन, मागून खाणारीला नाही. ही म्हणाली, मी पेपर विकते. बघते, म्हणाली म्हातारी. आणि भाजीला जाता-येता ती खरोखरच स्टँडवर थांबून बघू लागली.

नेमका पितृपक्ष लागला. वर्षभर पेपर दिसला की मान फिरवणारी माणसं आता आपणहून येऊ लागली. नोट हातावर टेकवायची आणि अंक पुढे केला की हात मागे घ्यायचा. मला वाटलं, वाचायचा कंटाळा. अंकांचा गठ्ठा घेऊन गेलो होतो तेव्हा एका कडक इस्त्रीच्या गृहस्थाने माझं अज्ञान दूर केलं. दान दिलं की बदल्यात काही घ्यायचं नसतं, घेतलं तर ते फळत नाही. हे वडिलांच्या नावाने आहे, पेपर घेतला तर त्यांना पोचणार कसं? जिवंत बाईच्या हातून चार पानं घेतली की मेलेल्या बापाचं अडतं, असला हा धर्म.

त्याच दुपारी आणखी एक जण पितरांना वाढलेलं पान घेऊन आला. कावळा शिवला नव्हता. ते पान त्याने सरळ तिच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि म्हणाला, तू तरी खा. खीर वरच्या अंकांवर पसरली. म्हातारी समोरच पिशवी घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाईने फुकटचे पैसे घेणं बंद केलं. "पेपर घ्या, नायतर नोट उचला. मी हितं मागाया नाय बसले." लोक खवळले. भिकारणीला माज आला म्हणून तक्रारी पेणपर्यंत पोचल्या. मंडळाची बैठक बसली, वडे आले. दात्यांचं मन मोडता कामा नये, तिला समज द्या, असं वडा चावता चावता ठरलं. मी म्हटलं, मग आपलं ते धंद्याचं वाक्य आधी खोडा, शाई मी देतो. कोणी हसलं नाही. अध्यक्ष स्वतः जाऊन तिला झापून आले.

ती बधली नाही. विक्री पार बसली, अर्धपोटी राहिली, पण नोटा परत करत राहिली. सर्वपित्रीच्या दिवशी म्हातारी आली. पैसे दिले, अंक घेतला, नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "चल गो, खोली बघून घे." घटस्थापनेला ती तिथे राहायला गेली.

पुढच्या अंकाचा मजकूर अध्यक्षांनी आणून दिला. पहिल्या पानावर तिचा फोटो, वर ठळक मथळा: दात्यांच्या औदार्याने निराधार महिलेला मिळालं छप्पर. खाली आभाराच्या यादीत तो खीरवालासुद्धा. मी छापायला नकार दिला, तर त्यांनी दुसरीकडून छापून घेतला आणि रोह्याला धाडला.

दोन दिवसांनी ती पहिल्यांदाच पेणला आली. म्हातारीने गठ्ठ्यातून एक अंक ओढून काढून तिला वाचून दाखवला होता. दोरीही न सोडलेला गठ्ठा तिने माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्ये मी माझ्या हातानं इकलं, तर ती खोली त्यांनीच दिली असं व्हईल," ती म्हणाली. "नाय इकनार."

भाड्याचं काय करशील, मी विचारलं. आळीत दोन घरची भांडी धरली हायत, म्हणाली, आणि परतीच्या गाडीसाठी उठली. रोह्यात आता आमचा पेपर कोणी विकत नाही. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.