महाडचा सिंहली नट

सिनेमाच्या सुरुवातीची नावं मी कापली. ती कोणाला वाचता येणार आहेत, म्हणून कापली. त्या पाच मिनिटांपायी एक चांगला चाललेला संसार महाडहून उठून पोलादपूरला गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कोणाच्या फार अपेक्षा राहायला नकोत.

सिनेमा माझ्या मित्राच्या मामूंचा. त्याचे मामू म्हणून मीही त्यांना मामूच म्हणायचो. सावित्रीच्या खोऱ्यात आजवर सिंहली भाषेतला नट म्हणून हा एकच माणूस होऊन गेला, आणि माझ्या मते उरलेल्या महाराष्ट्राचाही यात काही दावा असू नये. मामू मूळचे ड्रायव्हर. आखातात कंपनीची गाडी चालवायला गेले, तिथे त्यांच्या खोलीत सहाजण श्रीलंकेचे निघाले आणि त्यातला एक नाटकवेडा निघाला. शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी त्यांचं नाटक. एका शुक्रवारी राजाच्या पहारेकऱ्याला ताप भरला आणि उंची व मिशा बघून मामूंच्या हातात भाला दिला गेला. "तीन तास उभा होतो रे," मामू सांगायचे, "नाकावर माशी बसली तरी हललो नाय. तेव्हाच त्यांनी ओळखलं, ह्यो साधा माणूस नाय." पुढे त्यांना संवाद मिळाले. ते मामू सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर देवनागरीत उतरवून घ्यायचे आणि अर्थाच्या भानगडीत न पडता तोंडपाठ करायचे. "मी काय बोललो ते मला नाय म्हाईत, पण पहिल्या रांगेतले ढसाढसा रडले!" पुढे तो नाटकवेडा मायदेशी जाऊन सिनेमा काढायला बसला, त्याने मामूंना बोलावलं, आणि मामू चालती नोकरी सोडून कोलंबोला गेले. आठ महिने राहिले. त्या आठ महिन्यांत महाडला दोन पत्रं आली, आणि दोन्हींत तब्येत बरी आहे याखेरीज काही नव्हतं.

परत आल्यावर मामूंनी महाड-पोलादपूर मार्गावर सहा सिटांची मिनीडोर रिक्षा घातली. पण नटपण सुटलं नाही. ते कुठल्याही घरात सरळ शिरत नसत. उंबऱ्यात थांबायचे, डावा गाल उजेडाकडे करायचे, सगळ्यांनी बघितलं याची खात्री झाली की मगच आत पाऊल. बाहेर पडताना तर आणखी पंचाईत. प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही असा त्यांना त्या नाटकवेड्या गुरूचा दंडक, त्यामुळे ते दुकानातून उलटे चालत निघत. बाजारपेठेतल्या एका दुकानात ते असेच अदबीने मागे सरकत सरकत अंड्यांच्या ट्रेवर बसले, आणि बसल्यावरही चेहऱ्यावरचा भाव त्यांनी बिघडू दिला नाही. गाडी चालवताना संवाद चालूच. एकदा कापडे गावची एक म्हातारी गाडीत होती. चढणीला मामूंनी नाटकातल्या जमीनदाराचा सिंहली विलाप सुरू केला तशी ती किंचाळली, "अरे, ह्याच्या अंगात आलंय! उतरव मला!" मामू थांबेनात, तेव्हा तिने हात जोडले. "बरं, आलंच हाय तर विचारते. माझी म्हैस परवापासनं घरी नाय आली. खंय गेली?" मामूंनी विलाप न मोडता एक हात नदीकडे फेकला. संध्याकाळी म्हैस नदीतच बसलेली सापडली. त्यानंतर महिनाभर मामूंच्या गाडीत प्रवासी कमी आणि गाऱ्हाणी जास्त बसत.

या सगळ्या कारकिर्दीवर एका माणसाचा काडीचा विश्वास नव्हता. मामींचा. "शिनेमा?" त्या म्हणायच्या. "मुंबई काय जळाली होती, म्हणून ह्ये कोलंबोत गेले? तिथं बाई हाय. आठ महिने कोण कुणाच्या घरी फुकट जेवतं?" यावर मामूंपाशी पुरावा नव्हता. ते त्या गुरूला पत्रामागून पत्रं टाकत होते, आणि तीन वर्षांनी एकदाची सिनेमाची कॅसेट आली. मामू ती उराशी धरून माझ्याकडे आले. त्या काळात मी महाडात केबल चालवायचो, रविवारी दुपारी घराघरांत एक सिनेमा दाखवायचो. उंबऱ्यात थांबायलाही मामू त्या दिवशी विसरले. "तुझ्या मामीनं बघायला पायजे रे," एवढंच बोलले.

मी कॅसेट सुरुवातीपुरती लावून पाहिली. पाच मिनिटं नुसती नावं, आणि अक्षरं सगळी जिलेबीच्या कढईतून काढलेली. लोक कंटाळून टीव्ही बंद करतील म्हणून मी पुढे ढकलून थेट मामू दिसतात तिथूनच सिनेमा सोडला. झालं काय, की रविवारी दुपारी दोन वाजता महाडकरांनी टीव्ही लावला तर समोर मामू. लुंगी नेसून, परक्या घरात, जमिनीवर मांडी घालून. समोर एक सावळी, देखणी बाई वाढतेय. दोन पोरं मामूंच्या गळ्यात पडून "तात्ता, तात्ता" करतायत. बाई विचारते, "बत्?" आणि ताटात भात पडतो. अख्ख्या सिनेमात महाडला कळले ते हे दोनच शब्द, बाप आणि भात. संसाराला आणखी काय लागतं? सिनेमाचं नाव नाही, नटांची नावं नाहीत. कोणीतरी कोणाच्या घरी जाऊन शूटिंग करून आणावं तसं ते दिसत होतं. शेजारणी मामींच्या दाराशी जमल्या. एकजण म्हणाली, "पोरगा अगदी ह्यांच्यावरच गेलाय गो."

मामींनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि माहेरी, पोलादपूरला, भावाकडे निघाल्या. एसटी लवकर येईना, म्हणून नवऱ्याच्याच मिनीडोरमध्ये मागच्या सीटवर बसल्या. पोलादपूरला उतरताना मामी कंडक्टरला सांगावं तसं म्हणाल्या, "थांबव हितं."

मामूंचा धंदा त्याच रस्त्यावर. दिवसातून चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला मेव्हण्याच्या घरासमोर हॉर्न. पंधरा दिवस हॉर्न वाजला, दार उघडलं नाही. मामू गाडीत संवाद म्हणेनासे झाले. दुकानांतून सरळ, पाठ दाखवून, चालत निघू लागले. ते बघून दुकानदारालाच कसंतरी झालं; तो मला म्हणाला, "अंडी फोडली तरी चालतील, पण ह्यांना पयल्यासारखं कर."

मग मी व्हीसीआर काखोटीला मारला आणि पोलादपूर गाठलं. मामींच्या भावाच्या टीव्हीला तो जोडला. म्हटलं, "मामी, माझी चूक. नावं मी कापली होती. आता पहिल्यापासून बघा." नावं सुरू झाली. मामी म्हणाल्या, "ह्यात लिवलंय काय? 'ही माझी दुसरी बायको' असं लिवलं असलं तर तुला वाचता येणारे?" मामू बाहेर ओटीवर, दाराच्या आडोशाला उभे होते. आत यायची त्यांना परवानगी नव्हती.

तो जेवणाचा प्रसंग आला. तात्ता झालं, बत् झालं. मागच्या खेपेला मामींनी इथेच टीव्ही बंद केला होता. आता त्या ओठ आवळून बघत राहिल्या. पडद्यावर मामूंचं जेवण झालं. ते उठले. आपलं ताट त्यांनी आपल्या हाताने उचललं. वाकून बाईचंही उचललं. मोरीशी बसून दोन्ही ताटं राखेने घासली, विसळली, पालथी घातली आणि बाईकडे बघून हसले.

मामी पुढे सरकल्या. "मागं घे," म्हणाल्या. मी मागे घेतलं. पुन्हा बघितलं. मग पदराने डोळे पुसत त्या इतक्या हसल्या की त्यांचा भाऊ आतून धावत आला. "ह्यो शिनेमाच हाय!" मामी म्हणाल्या. "वीस वर्सांत ह्या माणसानं पाण्याचा पेला नाय उचललान. ह्ये खरं असूच शकत नाय. अ‍ॅक्टिंग हाय ही!"

मी ओटीवर आलो तसा मामूंनी माझा दंड धरला. डोळे भरलेले. "ऐकलंस? अ‍ॅक्टिंग हाय म्हणाली." आयुष्यात त्यांना मिळालेला हा एकच अभिप्राय, आणि तो त्यांना पुरला.

पुढे इथल्या हौशी मंडळाने त्यांना मराठी नाटकात घेतलं होतं, माझ्याच शब्दावर. पहिल्याच प्रवेशात मामू गप्प झाले. नंतर म्हणाले, "काय बोलतोय ते कळायला लागलं रे. लाज वाटली." त्यानंतर ते कुठल्या स्टेजवर चढले नाहीत.

माझी केबल गेली, त्यांची मिनीडोर गेली, कॅसेटला बुरशी लागली. परवा-परवा, म्हणजे त्यालाही आता वर्षं झाली, मी भेटायला गेलो तेव्हा मामू खाटेवर होते. पुष्कळसं विसरले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "त्या शिनेमात शेवटी माझं काय होतं रे? आठवत नाय."

मी म्हटलं, "शेवटी तुम्ही मरता मामू. समुद्रात, वादळात. काय मरण दिलंय! बघणारे सगळे रडतात." मामूंचा चेहरा उजळला.

मामी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मरत नाय तुमी. परत येता. पावसात भिजून, डोक्यावर पेटी घेऊन. ती बाई काय बोलत नाय, भात वाढते."

मग एक खडा वेचून बाजूला टाकला आणि माझ्याकडे बघितलं. "आणि तू काय सांगतोस रे शेवट? पोलादपूरला मी शेवटपर्यंत बघितला, तेव्हा तू आमच्या भावाच्या खाटेवर घोरत पडला होतास."