बरं हाय

दवाखान्याच्या मॅडमनी माझ्या बापाचा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. विचारलं नाही. एका हातानं त्याचा अंगठा, दुसऱ्या हातात फोन. एकदा, दोनदा, तीनदा. पानापानावर. मग हात सोडून दिला आणि स्वतःच्या बोटांना सॅनिटायझर लावलं.

माझ्या बापाला सही येते.

मी बारावीत असताना मीच शिकवली होती. गोठ्याच्या फळीवर खडूनं. तीन महिने लागले. म्हशी राखून दगड झालेली बोटं, खडू दोन वेळा मोडला तरी माणूस हटला नाही. रेशनच्या दुकानात तो सही करतो तेव्हा मागं रांग खोळंबते. सही झाली की पेन उचलून एक क्षण तिच्याकडं बघतो, मगच बाजूला होतो. त्या दिवशी बघायला सही नव्हती, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कपाटाजवळ दवाखान्याचा निळा कोट घालून उभी होते. 'मॅडम, त्यांना सही येते.' एवढंच बोलायचं होतं. मी नजर खाली घातली. बानं अंगठा धोतराला पुसला आणि बाहेर जाऊन बसला.

बोलले नाही, कारण त्याच पानावर खाली माझी सही होती. साक्षीदार म्हणून. 'सदर व्यक्तीला तिच्या भाषेत सर्व माहिती समजावून सांगण्यात आली, तिच्या शंकांचे निरसन झाले व तिने स्वखुशीने संमती दिली.' समजावून सांगण्यात आली म्हणजे मी सांगितली. काय सांगितलं? "बा, गुडघ्याची गोळी हाय. नवी हाय. चांगली हाय." नवी आहे हे खरं होतं. चांगली आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

साक्षीदार त्रयस्थ असावा लागतो, हे मला पुढं कळलं. मी त्याची मुलगी, वर दवाखान्याची पगारी. माझ्याहून कमी त्रयस्थ माणूस अख्ख्या महाडात शोधून सापडला नसता.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. धनगरवाडी. नवरा कारखान्यात, म्हणून आम्ही बिरवाडीला खोली घेऊन राहतो. महाडच्या त्या खासगी दवाखान्यात सांधेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी आली. औषध बाजारात यायचं होतं. त्याआधी ते माणसांना देऊन बघायचं, गुण येतो का आणि अपाय होतो का. कुणाला खरं औषध मिळतंय आणि कुणाला नुसती तशीच दिसणारी गोळी, हे डॉक्टरलाही माहीत नसतं. डोंगरातली माणसं आणायला आणि त्यांचं बोलणं समजायला एक बाई पाहिजे होती. मी मिळाले. मी वाडीतून बा धरून सहा जण आणले. ते औषधाला आले नव्हते. 'आपली बाय तिथं हाय,' म्हणून आले होते.

आमची माणसं आत आली की मॅडम खोलीत सुगंधी फवारा मारायच्या. माणसं बसलेली असतानाच. आत्या, म्हणजे बाची बहीण, पहिल्यांदा म्हणाली, "काय गो, डास हायत काय हितं?" मी म्हटलं, हो. एकदा मॅडम रजेवर होत्या. त्या दिवशी फवारा मी मारला. कोणी सांगितलं नव्हतं. हे लिहिताना माझा हात अडतो, पण लिहिणार. मी मारला.

एकदा कंपनीचे पाहुणे आले होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, "डोंगरातली माणसं आहेत. जनावरासारखी टणक. साइड इफेक्ट वगैरे लाड शहरातल्यांचे." पाहुणे हसले. चहाचा ट्रे धरून मीही हसले.

दर पंधरा दिवसांनी तपासणी. फाट्यावर जीप यायची, सहाही जण उतरून यायचे. डॉक्टर मान वर न करता विचारायचे, "काय काका, कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"मावशी?"

"बरं हाय, डाक्टर."

झालं. पुढचा.

आता हे 'बरं हाय' काय आहे ते सांगते. आमच्यात मोठ्या माणसानं विचारलं की बरं हाय म्हणायचं. तलाठी विचारो, सरपंच विचारो, व्याही विचारो. ताप असो, घरात मयत होऊन आठवडा झालेला असो. बरं हाय म्हणजे तुम्ही विचारलंत, तुमचे उपकार. ते उत्तर नाही, तो नमस्कार आहे. मला हे पाळण्यापासून माहीत. आणि मी दर वेळी तो नमस्कार उत्तराच्या रकान्यात उतरवत होते.

शिवाय रोजनिशी होती. प्रत्येकाची वेगळी. घरी रोज भरायची. चक्कर, मळमळ, सूज, धाप, होय की नाही. वाडीत ती कोण भरणार? ती भरायचे मी, दवाखान्यात बसून, पंधरा दिवसांची एकदम. मॅडमनीच शिकवलं होतं, "नाही, नाही लिहीत जा. आणि दोन-तीन वेगळी पेनं वापर. एका बैठकीत भरल्यासारखं दिसायला नको." मी तीन पेनं वापरायचे. एक काळं, दोन निळी.

चौथ्या महिन्यात बा अनवाणी आला.

मी म्हटलं, वहाणा कुठं? म्हणाला, "तुटल्या." परत जाताना जीपमध्ये चढायला त्यानं पाय उचलला आणि मला घोटा दिसला. घोटा नव्हताच. पिंढरीपासून बोटांपर्यंत सगळं एकसारखं भरलेलं. मी बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. वहाणा तुटल्या नव्हत्या. पाय मावत नव्हता.

"कवापासनं?"

"झालं की महिना."

"मग डाक्टरांनी विचारलं तर सांगितलं का नाय?"

बानं आजूबाजूला बघितलं आणि हळू म्हणाला, "तुजी नोकरी हाय ना गो तिथं."

मी त्याच पावली आत गेले. डॉक्टरांना म्हटलं, बापाच्या पायाला सूज आहे, महिना झाला. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच तर बरं आहे म्हणाला." मी म्हटलं, सर, ते तसंच म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "वय झालं की पाय सुजतात." मी म्हटलं, मग वय झालं म्हणून सुजले असं लिहा, पण सुजले हे लिहा. तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तुला इथं बोलायला ठेवलेलं नाही. त्यांचं बोलणं कळतं म्हणून ठेवलंय."

मला राग यायला बराच वेळ लागला. बिरवाडीच्या स्टॉपवर उतरेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की मोठी माणसं आहेत, त्यांना कळत असेल. खोलीचं कुलूप काढताना ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि तेव्हा तो आला. त्यांचं बोलणं कळतं म्हणून ठेवलेल्या बाईनं काय केलं होतं? चार महिने सहा माणसांचं बोलणं खोटं लिहिलं होतं. तीन पेनांनी.

रविवारी वाडीवर गेले. शाळेची शंभर पानी वही घेऊन. आत्याला विचारलं, "आते, कसं वाटतंय?" ती म्हणाली, "बरं हाय." मी ओट्यावर बसले. समोर बा म्हशीजवळ उभा होता. म्हैस वैरणीला तोंड लावत नव्हती. त्यानं तिच्या कानाच्या मुळाशी हात ठेवला, नाकपुडी ओली आहे का बघितली, शेण काठीनं उकलून बघितलं, मग तिला चार पावलं चालवली. एक शब्द विचारला नाही. जनावर बरं हाय म्हणत नाही, म्हणून त्याला बघावं लागतं. नवा पाला आणला तर तो आधी स्वतः चावून बघतो.

मी वही उघडली आणि पुन्हा सुरुवात केली. आते, पहाटे शेण कोण काढतं? "सून काढते आता." कधीपासून? "वाकलं की अंधारी येते, म्हणून दिलं तिला." पाण्याला खाली कोण जातं? भाकरी किती? झऱ्याची चढण एका दमात होते का? कुठं बसावं लागतं? सहा घरं फिरले. चौघांच्या घरातली कामं दुसऱ्यांकडं गेली होती. दोघांना काहीच नव्हतं, त्यांचं तसं लिहिलं. बाच्या नावापुढं लिहिलं, 'वहाण चढत नाही. उंबऱ्याच्या दगडावर बसतो, पहिले बसत नव्हता. लघवीला कमी.' प्रत्येकाचे शब्द तसेच ठेवले.

डॉक्टर म्हणाले होते, जनावरासारखी. माझ्या बापानं जनावराला जेवढं बघितलं, तेवढं या लोकांनी माझ्या बापाला बघितलं असतं, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

बाला दुसऱ्या दिवशी पोलादपूरला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडाचं काम कमी झालंय, गोळी आजच बंद करा. मी विचारलं, गोळीनंच झालं का? त्या म्हणाल्या, "गोळीनं की वयानं, ते मी एवढ्यावर सांगू शकत नाही." मी त्यांच्यावर चिडले नाही. ते सांगता यावं म्हणूनच तर चाचणी होती. औषध कुणाला तरी आधी द्यावंच लागतं, हे मला कळतं. उद्या तीच गोळी दासगावातल्या, पुण्यातल्या, कुठल्याही म्हाताऱ्याच्या हातावर पडणार. तो डबीवरचं वाचणार, अपाय नाही. ते 'नाही' माझ्या अक्षरातलं असणार.

गुरुवारी कंपनीकडून कागद तपासणारे साहेब आले. मॅडमनी सहा रोजनिश्या पुढं सरकवल्या. "शेवटच्या पानावर तुझ्या सह्या राहिल्यात, कर पटकन." गोळी बंद केल्याचं मी कळवलं होतं, आणि बाच्या कागदावर आधीच लिहून झालं होतं, 'स्वखुशीने चाचणीतून बाहेर पडले.' सुजेचा उल्लेख नव्हता.

मी म्हटलं, "करणार नाही."

डॉक्टर साहेबांकडं बघून हसले. "काही नाही, तिचा घरगुती प्रश्न आहे."

मी शंभर पानी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी चाळली. उंबरा, वहाण, भाकरी, झऱ्याची चढण. म्हणाले, "हे फॉरमॅटमध्ये नाही."

"मग फॉरमॅटमध्ये घ्या," मी म्हटलं. "माणसं मी आणलीत, खाली पडवीत बसलीत. बोलवते. पण कसं वाटतंय विचारू नका. पाय बघा."

साहेबांनी दोन पानांचा फोटो काढला आणि वही माझ्याकडं परत सरकवली. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी म्हटलं, येत नाही, पण बापाच्या संमतीपत्राची प्रत घेतल्याशिवाय जात नाही. मॅडम म्हणाल्या, "त्याला कुठं वाचता येतं?" मी म्हटलं, "मला येतं. आणि त्याला सहीसुद्धा येते." चार महिने उशिरा बोलले. आणि जागची हलले नाही. शेवटी त्यांनीच कपाट उघडायला माझ्याकडं किल्ली मागितली. प्रत तिथंच होती. सहाही जणांना द्यायच्या प्रती तिथंच होत्या, आणि किल्ली रोज माझ्या कमरेला होती.

प्रतीच्या शेवटच्या पानावर मराठीत छापलंय. तक्रार असल्यास नीतिमत्ता समितीशी संपर्क साधावा. म्हणजे चाचणीवर लक्ष ठेवणारी समिती. खाली मुंबईचा पत्ता, फोन.

मी पत्र लिहिलं. पहिल्या ओळीत माझी खोटी सही, दुसऱ्या ओळीत तीन पेनं, मग बाकी सगळं. नवरा म्हणाला, "उलटं तुझ्यावरच येईल." येईल. पत्राखाली बानं सही केली. मी पॅड आणलं नव्हतंच. त्यानं नेहमीसारखा वेळ घेतला, पेन उचललं आणि सहीकडं बघितलं.

मागच्या आठवड्यात समितीच्या बाईंचा फोन आला. बाशी बोलायचं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, कसे आहात?"

"बरं..." बा म्हणाला आणि थांबला. सूज थोडी उतरलीय, गेलेली नाही. झऱ्यावर तो आता जात नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, अंगठा घेतला त्या दिवशी बघितलं होतं तसंच. या वेळी मी नजर खाली घातली नाही.

"बरं नाय," तो म्हणाला. "लिवून घ्या."

सोमवारी समितीनं मला मुंबईला बोलावलंय. डॉक्टरांनी निरोप धाडलाय, सही तुझी आहे, पहिली तूच अडकशील. अडकेन. मी टेबलावर आधी बाचं संमतीपत्रच ठेवणार आहे. ही सही माझी आणि ही खोटी, असं सांगणार. मग वही उघडणार आणि सहाही जणांचं वाचणार, त्यांच्या शब्दांत, एक शब्द न बदलता. मधे कोणी थोडक्यात सांगा म्हणालं, तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करणार.