इंग्रजीत फोडलेलं गुपित

केदारी मास्तरांनी हायस्कुलात आल्या आल्या पहिलं काम केलं ते छडी कपाटावर फेकून देण्याचं. तोवर बेळगावच्या त्या शाळेत इंग्रजी म्हणजे नियम घोकायचे, मार खायचा आणि परीक्षेनंतर विसरून जायचं. मास्तर गोष्ट वाचून दाखवत. ऐन रंगात पुस्तक मिटून विचारत, “या जागी तुमच्या आईनं काय केलं असतं?” उत्तर मोडकंतोडकं चालायचं, पण इंग्रजीतच द्यावं लागायचं. पोरं हसत, अडखळत आणि बोलत.

निबंधाला त्यांचा एकच कायदा होता. निबंधात एक तरी गोष्ट अशी हवी, जी सगळ्या वर्गात फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक आहे. ‘गाय हा उपयुक्त प्राणी आहे’ असं लिहिणाऱ्याला भोपळा. आपली गाय कुणाच्या हातची धार देते आणि कुणाला लाथ मारते, हे लिहिणाऱ्याला दहापैकी आठ. शनिवारी वादविवाद. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरे, आणि आलेली बाजू मनाविरुद्ध असली तरी जीव तोडून लढवावी लागे. माणूस खरोखर चांगला होता. स्वतःच्या इंग्रजीवर जरा जास्तच खूश होता, एवढंच. पण घात करायला एवढंही पुरतं.

मास्तर मूळचे शहापूरचे, विणकरांच्या गल्लीतले. रोज सकाळी सायकलवर टांग मारून सांगली संस्थानातल्या शहापुरातून इंग्रजांच्या बेळगावात शिकवायला यायचे. घरी म्हातारी आई राजाबाई अजून माग चालवत होती. मास्तरांनी सदऱ्याला कडक इस्त्री केली, तरी घराच्या मागच्या दाराला पाजणीचा, म्हणजे सुताला खळ चढवण्याचा, वास असायचाच.

या पाजणीत गल्लीचं एक गुपित होतं. व्यापारी सूत तोलून देई आणि तयार साडी तोलून घेई. मधे काही गळू नये, हा हेतू. पण विणण्याआधी सुताला तांदळाच्या कांजीची खळ द्यावी लागते, नाहीतर धागा मागाचा मार सोसत नाही. गल्लीतल्या बायका ही खळ थोडी जाड ठेवायच्या. कांजीचं वजन सुतात मिसळून जाई, तराजू बरोबर येई आणि मूठभर सूत घरात राही. अशा मुठी साठवून वर्षाकाठी एखादी साडी निघे. याला गल्लीत कुणी चोरी म्हणत नसे. ‘घरचं सूत’ म्हणत. केदारी सहा वर्षांचा असताना बाप परशराम गेला. पुढे त्याची मॅट्रिकपर्यंतची फी राजाबाईनं याच घरच्या सुतातून भरली.

एकोणीसशे अडतीस साली मास्तरांच्या मॅट्रिकच्या वर्गात अंजनी होती. त्याच गल्लीतल्या मष्णू विणकराची मुलगी. गल्लीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेली पहिलीच पोर. पोरीची जात, आता तिला मागावर बसव, असं सगळ्यांनी मष्णूला सांगून झालं होतं. मास्तर स्वतः दोनदा त्याच्या घरी जाऊन बसले, म्हणून ती शाळेत टिकली. “तुमच्या भरवशावर पाठवतो, मास्तर,” मष्णू म्हणाला होता.

नोव्हेंबरात शाळेचं संमेलन ठरलं. वादविवादाचा विषय होता, हातमाग मोडीत काढून यंत्रमाग आणावेत. तिकडे इचलकरंजीत यंत्रमाग कधीचे खडखडत होते, त्यामुळे विषय अगदी ताजा. चिठ्ठ्या पडल्या. अंजनीच्या वाट्याला आली ती हातमाग मोडीत काढा म्हणणारी बाजू. वर्ग हसला. ती नाही हसली. चार दिवसांनी तिनं भाषण लिहून आणलं. व्याकरणाला धक्का नव्हता, पण भाषण अळणी होतं. यंत्र वेगवान असतं, काळ बदलतो, वगैरे.

मास्तरांनी शाळा सुटल्यावर वही पुढे ओढली. “यात तुलाच ठाऊक असलेलं काय आहे? हे तर कुणीही लिहील,” म्हणाले. आणि तिच्याकडून काही निघेना तेव्हा त्यांनी स्वतःच लाल शाईत एक परिच्छेद लिहिला. हातमाग कष्टाचा आहे म्हणून कोणी त्याला पवित्र समजू नये. खळीच्या आड प्रत्येक साडीमागे मूठभर सूत कसं अदृश्य होतं, आणि तराजू कसा गोड फसतो, असं सगळं त्यात आलं. वाक्यं अशी झोकात उतरली की लिहून झाल्यावर मास्तरांनी ती दोनदा मोठ्यानं वाचली.

अंजनी वहीकडे बघत राहिली. “सर, हे सांगू नये न्हवं?”

“अगं, इंग्रजीत आहे. गल्लीत कोण जाणार सांगायला?”

मास्तरांचा तो प्रामाणिक समज होता. गल्लीतून आलेला माणूस इंग्रजी शिकला की त्याला ती आपली माडी वाटते. तिथं बसून काहीही बोला, खालच्या लोकांना ऐकू येत नाही. माडीवर आपल्याआधी कोण जाऊन बसलंय, हे बघायचं मास्तर विसरले.

संमेलनाला अध्यक्ष म्हणून बसवंतशेट आले होते. गल्लीला सूत देणारे आणि साड्या घेणारे व्यापारी. मुंबईच्या गिरण्यांशी त्यांचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले, हे मास्तरांना माहीत होतं. पण अध्यक्ष म्हणजे हार घालून घ्यायचा आणि डुलक्या काढायच्या, अशीच त्यांची समजूत. अंजनी सुंदर बोलली. त्या परिच्छेदाशी आली तेव्हा तिचा आवाज किंचित खाली गेला. बसवंतशेट त्याच वेळी खुर्चीत पुढे झुकले. बक्षिसाची ढाल तिला मिळाली. मास्तर इतके खूश होते की घरी जाताना सायकलवर गुणगुणत होते.

पुढच्या सोमवारी बसवंतशेटच्या दुकानात पाण्यानं भरलेली घंगाळी मांडली गेली. घरटी एक साडी उचलायची, धुवून खळ काढायची, वाळवायची आणि मग तोलायची. एकाही घराचं वजन बसलं नाही. शेटजी ओरडले नाहीत. पुढचं सूत कमी मिळेल, एवढंच शांतपणे सांगितलं.

त्या दिवशी राजाबाई जेवायला वाढताना म्हणाली, “कोण सांगितलं असंल रं, केदारी? इतक्या वर्सात कवा न्हाय ते.”

मास्तर भाकरी मोडत राहिले. तीच वेळ होती खरं सांगायची. त्यांनी आमटी वाढायला सांगितली.

दोन दिवसांत उलगडा झाला. शेटजींच्या दुकानातल्या कारकुनानंच सांगितलं, मष्णूची पोर भर सभेत बोलली म्हणून. गल्लीनं मष्णूला शिवीगाळ केली नाही. त्यापेक्षा वाईट केलं.

पाजणी एका घराचं काम नव्हे. पहाटे ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा. दोन्ही बाजूंनी कुंचे घेतलेली माणसं खळ ओढत जातात, बाकीचे चिकटलेले धागे सोडवतात, तुटलेले सांधतात. ऊन चढायच्या आत सगळं उरकावं लागतं. आज माझ्या ताण्याला तुम्ही, उद्या तुमच्या ताण्याला मी, अशी रीत. मष्णूनं ताणा बांधला आणि एकही दार उघडलं नाही.

मास्तर सायकल काढून निघाले तेव्हा ऊन वर आलं होतं. मष्णू एका बाजूनं कुंचा मारत पळत होता, त्याची बायको बायाक्का दुसऱ्या बाजूनं, आणि अंजनी मधोमध वाकून धागे सोडवत होती. तिघांच्या हातांना तो ताणा आवरण्यासारखा नव्हता. खळ जागोजागी सुकून धागे एकमेकांना चिकटले होते. राजाबाई उंबऱ्यात उभी होती. “आपून बी जायाचं न्हाय,” ती म्हणाली. “गल्लीची रीत मोडली त्यानं.”

मास्तर सायकलवरून उतरले सुद्धा. मग घड्याळ बघितलं आणि पुन्हा चढले. पहिला तास चुकेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तास चुकत नव्हता, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून अंजनी शाळेत आली नाही. मॅट्रिकचे फॉर्म दहा डिसेंबरला, शनिवारी, शाळेतून मुंबईला जायचे होते. फॉर्मवर बापाची सही लागे. तिचा कोरा फॉर्म मास्तरांच्या टेबलाच्या खणात पडून होता. तो घेऊन ते मष्णूच्या घरी गेले.

मष्णूनं उठून घोंगडं अंथरलं. त्याची ही अदब मास्तरांना सोसवेना. “फॉर्म राहू दे मास्तर,” तो म्हणाला. “जिच्या बोलण्यानं घर बुडालं, तिला आनि बोलाय शिकवू? तुमचं काय चुकलं न्हाय. तुम्ही चांगलंच शिकवलासा.” मग आत बघून त्यानं विचारलं, “काय गं, हे तुला कुणी सांगितलं बोलाय? खरं सांग मास्तरांम्होरं.”

अंजनी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. तिनं मान वर केली आणि एकदाच मास्तरांकडे पाहिलं.

“कुणी न्हाय. माझं मीच.”

सतरा वर्षांची पोर त्यांना पाठीशी घालत होती, आणि ते तिला घालू देत होते. फॉर्म खिशात तसाच ठेवून ते बाहेर पडले. गल्लीत दोन म्हाताऱ्यांनी त्यांना रामराम केला, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ते रोज उद्यावर ढकलत गेले. गल्लीचा राग निवळेल. मष्णू आपणहून सही करेल. खरं सांगितलं तर आईचा ताणा कोण धरणार, असंही ते मनाशी म्हणत. पण आई हे निमित्त होतं. भीती स्वतःचीच होती. ज्या गल्लीनं ‘आमचा मास्तर’ म्हणून इतकी वर्षं मिरवलं, तिच्यासमोर आपण फितूर ठरू, याची. आणि शाळेत हेडमास्तरांना कळेल की ढाल जिंकणारी वाक्यं मुलीची नव्हतीच, याचीही. वर्गात ते गोष्ट वाचत, पण मधेच पुस्तक मिटून प्रश्न विचारायचं त्यांनी बंद केलं. आईनं काय केलं असतं, हे विचारायची त्यांना आता हिंमत नव्हती. शनिवारी दुपारी फॉर्मांचा गठ्ठा शिपायानं पोस्टात नेला. मास्तरांनी स्वतः मोजून दिला. अंजनीचा त्यात नव्हता.

रविवारी पहाटे मष्णूनं पुन्हा ताणा बांधला. मास्तर रात्रभर झोपले नव्हते. ते बाहेर आले आणि गल्लीच्या मधोमध उभे राहिले.

“सगळ्यांनी ऐका,” म्हणाले. दारं उघडली. “सुताचं ती बोलली, पण ते तिचं नव्हतं. मी लिहून दिलं. माझ्या हातानं. तिनं नको म्हटलं, तरी मी बोलायला लावलं. माझ्या आईनं ज्या सुतावर मला शिकवलं, तेच मी चव्हाट्यावर मांडलं, एका भाषणाला बरं दिसावं म्हणून. शिक्षा करायची तर मला करा.”

बोलता बोलता त्यांना जाणवलं की आपण इथंही वाक्यं जुळवतोय, कुठं थांबायचं ते ठरवतोय. त्यांना स्वतःची किळस आली आणि ते गप्प झाले.

राजाबाई पायरीवर मटकन बसली. मग उठली, आत गेली, कुंचा घेऊन आली आणि लेकाच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, मष्णूच्या ताण्यापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून शेजारचा भरमू आला, समोरची शालूबाई आली, आणि बघता बघता ताण्याच्या दोन्ही बाजू माणसांनी भरून गेल्या. मास्तरही पुढे झाले. त्यांना कुणी अडवलं नाही, पण कुणी सरकून जागाही दिली नाही.

अंजनी धागे सांधत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, “सर, फॉर्म गेले?”

“काल गेले.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुढच्या धाग्याकडे वळली.

“पुढच्या वर्षी परीक्षेला बसव तिला,” मास्तर मष्णूला म्हणाले. “फी मी भरतो. रोज घरी येऊन शिकवतो.”

मष्णूनं मान हलवली. “परवाच निपाणीला सोयरीक ठरवून आलो, मास्तर. गल्लीत कुणी दारात उभं करीना. पोर किती दिस घरात ठेवायची?”

बायाक्का कुंचा ओढत त्यांच्यापर्यंत आली होती. इतक्या दिवसांत ती मास्तरांशी एक शब्द बोलली नव्हती. आता थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

“चांगलं बोललासा, मास्तर. फॉर्मची तारीख तुम्हांस्नी ठावं व्हती. परवा बोलला असतासा, तर पोर वाचली असती.”