विमलताईंचं घर हलवताना

काही माणसांचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आम्ही मंडळी चहाला बसलो की एक निघतो, त्याला धरून दुसरा येतो आणि चहा गार होतो. विमलताईंचं घर हलवून वर्ष होत आलं, तरी आमचं हे थांबलेलं नाही.

विमलताई कथा लिहितात. वय सत्तरीच्या पुढे. पंचवटीतल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मी त्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासते, त्यामुळे माझं तिथे सततचं जाणंयेणं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा ताईंनी मखमलाबाद रोडला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. जायचं त्यांना होतं, पण घाम आम्हाला फुटला. ते घर आम्ही आतून पाहिलेलं होतं.

* * *

आधी सामान हलवणाऱ्या एका एजन्सीचा माणूस अंदाज घ्यायला आला. दारातून आत येण्यासाठी त्याला अंग तिरकं करावं लागलं. पुस्तकं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, बंद पडलेले दोन टाइपरायटर, कुठल्याशा मोडलेल्या एसटीची पाटी, गोण्याच गोण्या. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि फार अदबीने विचारलं, "मॅडम, हे आधीचे भाडेकरू टाकून गेलेत का?"

ताई म्हणाल्या, "हो. ती मीच."

तो पुन्हा आला नाही. मग आम्हीच कंबर कसली.

* * *

पलंगाखाली लग्नपत्रिका निघाल्या. थोड्याथोडक्या नाहीत, तीन पेट्या भरून. ताईंना न बोलावलेल्या लग्नांच्यासुद्धा. आमचे शेख सर, म्हणजे ताईंच्या कथा उर्दूत नेणारे निवृत्त शिक्षक, त्या पेट्या रद्दीत टाकायला उचलून सरळ जिन्याकडे निघाले. ताईंनी त्यांना थांबवलं. कथेतल्या माणसांची नावं त्या या पत्रिकांमधून घेतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. आजोबाचं नाव एका पत्रिकेतून, सुनेचं दुसरीतून. गाव, पोटजात, मामाचा धंदा, सगळं पत्रिकेत मिळतं म्हणाल्या.

सर खाली बसून चाळायला लागले. एका पेटीच्या तळाशी रबर लावलेला वेगळा गठ्ठा होता, आणि त्यात सरांच्या मुलीच्या निकाहची पत्रिका. सर जरा दुखावले. आमची नावं तुमच्या कामाची नाहीत वाटतं, म्हणाले.

ताई म्हणाल्या, "तो घरच्यांचा गठ्ठा आहे. आपल्या माणसांना मी कथेत पाठवत नाही, सर. तिथे फार सोसावं लागतं."

सरांनी गठ्ठ्याला रबर परत लावलं. तिन्ही पेट्या त्यांनीच खाली नेल्या आणि टेम्पोत सगळ्यात आधी चढवल्या.

* * *

त्या गोण्यांमध्ये खर्डे होते. प्रत्येक कथा ताई सात-आठ वेळा लिहितात आणि एकही खर्डा टाकत नाहीत. देवळ्याहून त्यांचे धाकटे भाऊ आबा मदतीला आले होते. आबांची कांद्याची शेती, आणि गोण्याही त्यांच्याच घरून आलेल्या. त्यांनी एक गोणी सोडून आत पाहिलं आणि बहिणीला कांद्याचा नियम ऐकवला, "अक्का, एक सडेल कांदा राहिना ते पुरी चाळ जास." एक सडका कांदा राहिला, तर साठवणीची अख्खी चाळ जाते; खराब असेल ते आजच काढ, चांगलं तेवढं ने.

ताईंना पटलं. आम्हाला बरं वाटलं. त्या एका गोणीसमोर चष्मा लावून बसल्या आणि आम्ही आतल्या खोलीत भांडी बांधायला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर टाकायच्या बाजूला एक कागद नाही, आणि ताई पाठकोऱ्या पानांवर लिहीत बसलेल्या. वीस वर्षांपूर्वी अडलेल्या एका कथेचा धागा त्यांना गोणीत सापडला होता.

आबांनी रिकामी गोणी आणून शेजारी ठेवली. सकाळी त्या सहा होत्या, आता सात झाल्या.

* * *

पुस्तकं कशात भरायची हा मोठा प्रश्न होता. खोक्यांचे तळ निघत होते. अशात दिंडोरीहून बाळासाहेब पिकअप घेऊन आले. हे द्राक्षबागायतदार, ताईंचे वाचक, दरवर्षी पहिली पेटी ताईंकडे आणणारे. गाडीत द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट होते. त्यांनी प्रत्येक क्रेटच्या तळाला कागद अंथरला, जाड पुस्तकं खाली, बारीक वर, मध्ये पुन्हा कागद. आम्ही कोंबायला लागलो की आमच्या हातातून पुस्तक काढून घ्यायचे.

म्हणाले, "दाबू नका. मालाला डाग पडला की गेला."

सीझन सुरू झाल्यावर ते क्रेट न्यायला नव्या घरी आले. तोवर ताईंनी ते भिंतीला आडवे रचून त्यातच पुस्तकं ठेवली होती. कपाट घ्यायचं राहूनच गेलेलं. बाळासाहेबांनी ते पाहिलं. मग चहा घेतला, पाया पडले आणि पिकअप रिकामी घेऊन गेले. बायकोला काय सांगणार, असं मी फाटकापाशी विचारलं. म्हणाले, "सांगेन, माल लय चांगल्या ठिकाणी लागलाय."

* * *

पहिल्या खेपेला टेम्पो आबाच चालवत होते. ताई पुढे बसल्या. मांडीवर पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं. मी खिडकीशी होते. नव्या कादंबरीचं हस्तलिखित असणार, असं मला वाटलं. मागे ठेवू का म्हणून विचारलं, तर मान हलवली. वाटेत एका खड्ड्यात टेम्पो आदळला तसा पदर सरकला. काचेची बरणी होती, लोणच्याची. तळाशी चार फोडी.

मला हसू आलं. हस्तलिखित मागे गोण्यांत आणि लोणचं मांडीवर?

ताई हळू म्हणाल्या, "हस्तलिखित पुन्हा लिहिता येतं. हे आमच्या वहिनीच्या हातचं आहे."

वहिनी म्हणजे आबांची बायको. आदल्या वर्षी गेली होती. आबांनी बरणीकडे एकदा बघितलं आणि नजर रस्त्यावर वळवली. तिथून मखमलाबाद रोडपर्यंत त्यांनी टेम्पो असा नेला, की मागून सायकलवाले पुढे निघून गेले.

* * *

शेवटच्या दिवशी घर पूर्ण रिकामं झालं. खाली टेम्पो उभा, आम्ही सगळे उभे, आणि ताईंचा पत्ता नाही. मी वर गेले. हॉलमध्ये गठ्ठ्यांमागची मोठी भिंत पहिल्यांदाच मोकळी दिसत होती आणि ताई तिच्यासमोर उभ्या राहून पेन्सिलीने भिंतीवर लिहीत होत्या. गोणीतल्या त्या कथेचा शेवट त्यांना सुचला होता आणि घरात कागदाचा कपटाही उरला नव्हता. मी माझ्या पर्समधलं बिल पुढे केलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हर थांबलाय म्हटलं तर म्हणाल्या, "खिडकीपर्यंत लिहून होऊ दे."

खिडकी बरीच लांब होती. मी जमिनीवर टेकले. वरच्या ओळी टाचा उंचावून, खालच्या गुडघ्यावर बसून, भिंत भरत गेली. खिडकीपाशी आल्यावर त्यांनी मागे सरकून सगळं एकदा वाचलं आणि चपला घातल्या. मी फोटोसाठी मोबाइल काढला, तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"राहू दे. लक्षात राहील तेवढंच खरं."

पुढे महिन्याभराने मी त्या रस्त्याने जात होते. बिल्डिंग वरून पाडत आणली होती. तिसऱ्या मजल्याचं छत गेलेलं, भिंती गेलेल्या, आणि ताईंची ती एकच भिंत उघड्यावर उभी. तिच्यासमोर दोन-तीन माणसं हेल्मेट काढून बसलेली. फाटकाशी मुकादम होता. बाकी सगळं पाडून ती एकच का ठेवली, म्हणून मी त्याला विचारलं.

त्याने वर पाहिलं. म्हणाला, "ती उद्या घेऊ. अजून दोघांचं वाचायचं राहिलंय."